दर एकवीस दिवसांनी

कुपीच्या तळाशी पांढरी भुकटी असते. तिच्यात पाणी सोडायचं आणि कुपी तळहातांमध्ये धरून सावकाश घोळवायची. जे तयार होतं ते दुधाळ, घट्टसर आणि जरा ठेवलं की तळाशी बसणारं. बारीक सुईत ते अडकतं, म्हणून सुई जाड घ्यावी लागते. भरलं की लगेच टोचायचं, स्नायूत खोलवर, आणि दट्ट्या हळूहळू दाबायचा. "पाय सैल सोड बाळा, आवळलास की जास्त दुखतं," सिस्टर दर वेळी म्हणायच्या आणि माझी मावसबहीण दर वेळी पाय आवळायची. मी शेजारी उभी राहून तिचा हात धरायचे. दुसऱ्या दिवशी ती लंगडत शाळेत जायची आणि कुणी विचारलं तर "पडले" म्हणून सांगायची. हे दर एकवीस दिवसांनी.

ते औषध म्हणजे बेंझाथिन पेनिसिलिन. ताईला नवव्या वर्षी ऱ्हुमॅटिक ताप आला होता. आज गुडघा सुजायचा, दोन दिवसांनी तो उतरायचा आणि घोटा धरायचा, मग मनगट. आधी कधी घसा दुखला होता का, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा घरात कुणालाच आठवेना. दुखला असणार. दोन-तीन दिवस दुखून थांबलाही असणार. मुलाचा घसा दुखला हे कोण लक्षात ठेवतं?

या सगळ्याच्या मुळाशी स्ट्रेप्टोकॉकस पायोजेनिस नावाचा जंतू आहे, डॉक्टरांच्या बोलण्यातला स्ट्रेप ए. सूक्ष्मदर्शकाखाली तो मण्यांच्या माळेसारखा दिसतो. घशात आणि कातडीवर राहतो, खोकल्या-शिंकेतून आणि जखमेच्या स्पर्शातून पसरतो. बहुतेकांना तो घसादुखी किंवा कातडीवरचे फोड देऊन निघून जातो. पण काहींच्या बाबतीत तो रक्तात, स्नायूत, फुप्फुसात शिरतो आणि तासातासाला माणूस हातचा जात राहतो. आणि काहींच्या बाबतीत तो निघून गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती उलटते. जंतूच्या अंगावरची काही प्रथिनं हृदयातल्या प्रथिनांशी मिळतीजुळती असतात. जंतूवर सोडलेला मारा मग हृदयाच्या झडपांवर पडतो. हा आजार सांधे चाटतो आणि हृदयाला चावतो, असं वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना पूर्वापार शिकवत आले आहेत. सांधे बरे होतात. झडप पुन्हा पूर्वीसारखी होतेच असं नाही, आणि ताप परत आला तर दर वेळी ती अधिक जाड, अधिक आखडलेली होत जाते.

एकाच जंतूची ही दोन मरणं आहेत. एक तासांत येतं, दुसरं वर्षांनी. पहिल्याची बातमी होते, दुसऱ्याची होत नाही. माझं म्हणणं या दुसऱ्या मरणाबद्दल आहे. ऱ्हुमॅटिक ताप येऊन गेलेल्या प्रत्येक मुलाला पेनिसिलिनचं इंजेक्शन वेळेवर मिळेल, ही जबाबदारी सरकारने क्षयरोगाच्या औषधांइतकीच कायद्याने आणि पैशाने स्वतःच्या अंगावर घेतली पाहिजे. आज जगातल्या बहुतेक भागांत ती आईबापांच्या आठवणीवर आणि औषधाच्या नशिबावर सोडलेली आहे.

आधी आकडे, कारण ते कानावर पडत नाहीत. २००५ साली जगभरचा अभ्यास एकत्र करून काढलेल्या अंदाजानुसार या जंतूमुळे वर्षाला किमान ५ लाख १७ हजार माणसं मरत होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या अलीकडच्या अंदाजाप्रमाणे जगात सुमारे साडेपाच कोटी लोक ऱ्हुमॅटिक हृदयरोग घेऊन जगत आहेत आणि वर्षाला सुमारे ३ लाख ६० हजार त्यात दगावतात. यातली बरीच माणसं तरुण असतात. अनेक स्त्रियांना आपली झडप आखडली आहे हे गरोदरपणात कळतं, कारण त्या महिन्यांत रक्ताचं प्रमाण वाढतं आणि अरुंद झालेल्या झडपेतून ते पुढे सरकत नाही. रात्री आडवं झालं की धाप लागते, उठून बसावं लागतं. ते "दिवस भरत आलेत, होणारच" म्हणून अंगावर काढलं जातं.

वेगाने येणाऱ्या मरणाला कमी लेखायची माझी अजिबात इच्छा नाही. २०२२च्या डिसेंबरात ब्रिटन, फ्रान्स, आयर्लंड, नेदरलँड्स आणि स्वीडनमध्ये दहा वर्षांखालच्या मुलांमध्ये स्ट्रेप एचे गंभीर संसर्ग वाढल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केलं. जपानमध्ये या जंतूमुळे होणाऱ्या टॉक्सिक शॉकचे, म्हणजे जंतूच्या विषाने रक्तदाब कोसळून अवयव बंद पडू लागण्याचे, २०२३ साली ९४१ रुग्ण नोंदले गेले होते; २०२४ साली जूनच्या सुरुवातीलाच तो आकडा ९७७ वर गेला. टॉक्सिक शॉक झालेल्या दहांतले तीनपर्यंत रुग्ण दगावू शकतात, आणि तेही अतिदक्षता विभागात सगळे उपचार मिळत असताना.

हे संसर्ग ओळखायला अवघड का, तर सुरुवातीला दिसण्यासारखं फार काही नसतं. मांडी अशी ठणकते की चादरीचा स्पर्श सोसवत नाही, पण वरून पाहिलं तर कातडी जराशी लालसर, एवढंच. जितकं दिसतं त्याच्या मानाने दुखणं फारच जास्त असणं, हीच मांस सडवणाऱ्या संसर्गाची पहिली खूण. काळे चट्टे आणि फोड दिसू लागतात तोवर आत बरंच सडलेलं असतं आणि शस्त्रक्रिया करून ते कापून काढण्याला पर्याय उरत नाही. कांजिण्या झालेल्या मुलाचा ताप उतरून चौथ्या-पाचव्या दिवशी पुन्हा चढला, फ्लूमधून सावरत असलेलं माणूस अचानक ढासळलं, बाळंतिणीच्या ओटीपोटात दुखून थंडी वाजू लागली, मूल निपचित पडून राहू लागलं, लघवी कमी झाली, हातपाय गार आणि श्वास जोरात, तर तिथे थांबायचं नसतं. आणखी एक सांगते. याच जंतूने येणाऱ्या स्कार्लेट तापातलं पुरळ गोऱ्या कातडीवर लाल दिसतं, सावळ्या कातडीवर ते डोळ्यांना सापडतच नाही. हात फिरवून बघावं लागतं, कातडी बारीक पॉलिशकागदासारखी खरखरीत लागते. माहितीपत्रकांतली चित्रं वर्षानुवर्षं गोऱ्या मुलांचीच राहिली आणि हाताने बघा हे वाक्य फार उशिरा आलं.

अशा वेळी आई म्हणते, "हा नेहमीसारखा नाही वागत." या वाक्याला दवाखान्यात तापमापकाइतकी किंमत मिळाली पाहिजे. न्यूयॉर्क राज्यात २०१३ साली सेप्सिस, म्हणजे संसर्गाने सगळं शरीरच ढासळू लागणं, ओळखण्याचे आणि उपचार सुरू करण्याचे नियम रुग्णालयांना बंधनकारक झाले. त्यामागे स्ट्रेप एच्याच सेप्सिसने गेलेल्या एका शाळकरी मुलाचे आईवडील होते. पोट बिघडलंय असं सांगून मुलाला घरी पाठवलं होतं. पुढच्या वर्षांत न्यूयॉर्कमधले सेप्सिसचे मृत्यू तुलनेसाठी घेतलेल्या इतर राज्यांपेक्षा जास्त घटल्याचं अभ्यासात दिसलं. डॉक्टर आधीही हुशारच होते. नियम झाला, वेळ मोजली जाऊ लागली, आणि न केल्यास जाब द्यावा लागू लागला.

म्हणूनच मला ही नियमाची गोष्ट ऱ्हुमॅटिक तापापर्यंत न्यायची आहे. हा जंतू जेव्हा जेव्हा आटोक्यात आला तेव्हा कुणीतरी जबाबदारी नेमून दिली म्हणून आला, आणि जेव्हा सुटला तेव्हा माहिती कमी होती असं क्वचितच घडलं. याच जंतूने बाळंतिणींना होणाऱ्या बाळंतरोगाचंच पाहा. १७९५ साली स्कॉटलंडमधल्या ॲबरडीनच्या अलेक्झांडर गॉर्डन या डॉक्टरने बाळंतिणींची यादी छापली. कोणती बाई, कधी आजारी पडली, आणि तिचं बाळंतपण कुणी केलं. सुईणी आणि डॉक्टर हाच आजार एकीकडून दुसरीकडे नेतात हे त्यातून उघड दिसत होतं. स्वतःही तो नेला असल्याचं त्याने लिहून ठेवलं. गावाने त्याचा असा राग धरला की त्याला गाव सोडावं लागलं. पन्नास वर्षांनी व्हिएन्नात सेमेलवाइस या डॉक्टरने इतर डॉक्टरांना क्लोरिनच्या पाण्यात हात धुवायला लावून वॉर्डातले मृत्यू खाली आणले आणि त्याच्याही वाट्याला उपेक्षाच आली. जंतूची साखळी पाश्चरने फळ्यावर काढून दाखवली ती १८७९ साली. गॉर्डनच्या यादीपासून तिथपर्यंत चौऱ्याऐंशी वर्षं गेली होती.

ऱ्हुमॅटिक तापाची यादी तर केव्हाच छापून झालेली आहे. १९५०च्या सुमारास अमेरिकेत वायोमिंगमधल्या फोर्ट वॉरन हवाई तळावर, बराकींत दाटीने राहणाऱ्या जवानांमध्ये ही साथ पसरली होती. स्ट्रेपने घसा धरलेल्यांना पेनिसिलिन दिलं तर ऱ्हुमॅटिक ताप टळतो हे तिथे सिद्ध झालं. घसा दुखायला लागल्यापासून नऊ दिवसांपर्यंत उपचार सुरू झाला तरी संरक्षण मिळतं, हेही तिथल्याच कामातून कळलं. नऊ दिवस! एवढी सवड फार थोडे आजार देतात. आणि सत्तरहून जास्त वर्षं झाली, पेनिसिलिनला दाद देणार नाही असा स्ट्रेप ए आजतागायत रुग्णांमध्ये आढळलेला नाही. इतर कितीतरी जंतूंनी औषधांवर मात केली, ॲझिथ्रोमायसिनच्या जातीच्या औषधांना तर हाच जंतू अनेक ठिकाणी जुमानत नाही, पण साध्या पेनिसिलिनपुढे तो अजून हरतो.

ज्यांना एकदा ताप येऊन गेला त्यांच्यासाठी दर तीन किंवा चार आठवड्यांचं इंजेक्शन. अनेकांना दहा वर्षं, काहींना चाळिशीपर्यंत, काहींना जन्मभर. युगांडात ५ ते १७ वर्षांची ८१८ मुलं घेऊन एक चाचणी झाली. हृदयाची सोनोग्राफी करून, अजून कसलाही त्रास नसलेली पण झडपेत सूक्ष्म बिघाड सापडलेली ही मुलं. निम्म्यांना दर चार आठवड्यांनी इंजेक्शन दिलं. दोन वर्षांनी इंजेक्शन न मिळालेल्यांपैकी ८.२ टक्के मुलांची झडप आणखी बिघडली होती, मिळालेल्यांपैकी ०.८ टक्के. इतका स्वच्छ फरक वैद्यकात रोज बघायला मिळत नाही.

ताईचं कार्ड अजून मावशीकडे आहे. मागच्या बाजूला चौकोन आखलेले, प्रत्येकात तारीख आणि सही. एका वर्षात सलग तीन चौकोन रिकामे आहेत. ती तिसऱ्या मजल्यावर राहणारी, शाळेतून उड्या मारत येणारी मुलगी होती. त्या वर्षी औषध नव्हतं. "साठा आलेला नाही, पुढच्या आठवड्यात बघा," असं खिडकीतून ऐकून मावशी परत यायची. दुसरीकडे विचारलं तर तिथे इंजेक्शन देत नव्हते. कधी येईल ते कुणी सांगितलं नाही, आल्यावर कुणी कळवलं नाही, आणि मुलगी आली नाही म्हणून कुणी विचारलंही नाही. त्यानंतर पुन्हा ताप आला. पुढच्या वर्षी जिना चढताना ती दुसऱ्या मजल्यावर दम खायला बसायला लागली. आज तिच्या छातीत धातूची झडप आहे. रक्त पातळ ठेवायची गोळी रोज, आणि ती किती लागू पडते ते बघायला वरचेवर रक्ततपासणी. रात्री खोलीत सामसूम झाली की तिच्या झडपेची टिकटिक मला शेजारच्या अंथरुणावरून ऐकू येते.

औषध का नव्हतं? कारण ते स्वस्त आहे. त्याचं पेटंट केव्हाच संपलं, नफा नगण्य, आणि कच्चा माल बनवणारे कारखाने जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत. त्यातला एखादा अडला की डझनावारी देशांतली कपाटं रिकामी पडतात. हेच औषध सिफिलिसवरही लागतं, गरोदर बाईकडून बाळाला तो आजार जाऊ नये म्हणून. जागतिक आरोग्य सभेने, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या सदस्य देशांच्या वार्षिक बैठकीने, २०१६ साली या टंचाईची दखल घेतली. २०२३ साली अमेरिकेलाही तिचा चटका बसला. २०२२च्या डिसेंबरात ब्रिटनमध्ये मुलांना द्यायच्या पेनिसिलिनचा तुटवडा इतका झाला की औषधविक्रेत्यांना चिठ्ठीवरचं औषध बदलून देण्याची मुभा सरकारला द्यावी लागली. लोक तेव्हा कुठे जागे झाले. पण गरीब वस्त्यांतल्या ऱ्हुमॅटिकच्या मुलांसाठी असा डिसेंबर दरसाल येतो.

बाजाराला यात रस नसेल तर सरकारांनी एकत्र येऊन, आगाऊ पैसे भरून, दीर्घ मुदतीची खरेदी करावी. क्षयरोगाच्या औषधांसाठी देश हे करतातच. त्याबरोबर प्रत्येक रुग्णाचं नाव असलेली नोंदवही हवी, आणि तारीख चुकली की घरी फोन करणारं, दार वाजवणारं माणूस. क्यूबामधल्या पिनार देल रिओ प्रांतात १९८६ ते १९९६ अशी दहा वर्षं हे चिकाटीने केलं. घसादुखीचे उपचार, रुग्णांची नोंद, नेमाने इंजेक्शनं, शिक्षक आणि पालकांना माहिती. श्रीमंत देश नव्हता तो. तापाचे आणि हृदयरोगाचे दोन्ही आकडे मोठ्या फरकाने खाली आले.

यावर जे आक्षेप घेतले जातात त्यातला एक मला फार गंभीर वाटतो. इंजेक्शनची भीती. पेनिसिलिन दिल्यावर रुग्ण कोसळून मेल्याच्या घटना घडल्या आहेत, आणि एका घटनेनंतर आख्ख्या भागातले दवाखाने हे इंजेक्शन देणंच बंद करतात. डॉक्टरांना नावं ठेवून हे सुटणार नाही. टेबलावर एक पोर गेलं की त्या माणसाचा हात पुन्हा सुईकडे वळत नाही, हे समजण्यासारखं आहे. पण खरी तीव्र ॲलर्जी फार विरळा. अलीकडे तज्ज्ञांचं मत असं होत चाललंय की यातले बरेच मृत्यू ॲलर्जीचे नसून आधीच खूप बिघडलेल्या हृदयाला वेदना, भीती, रिकामं पोट, उभ्याने घेतलेली सुई यांनी आलेली भोवळ सोसली नाही म्हणून झालेले असावेत. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२२ साली अशा गंभीर हृदयरोग्यांना इंजेक्शनऐवजी गोळ्या देण्याचा विचार करावा असं सुचवलं. बाकीच्यांना आडवं झोपवून, आधी पाणी पाजून, वेदनाशामक लावून, ॲड्रेनलिन हाताशी ठेवून इंजेक्शन द्यायचं. हे शिकवता येतं. न शिकवता परिचारिकेला एकटीला सोडायचं आणि काही झालं तर तिलाच धरायचं, ही रीत चालू राहिली तर कोण सुई हातात घेईल?

दुसरा आक्षेप प्रतिजैविकांच्या अतिवापराचा. बहुतेक घसादुखी विषाणूंची असते, तिला पेनिसिलिनचा काडीचा उपयोग नाही, हे खरंच आहे. म्हणून घशातला फाहा घेऊन काही मिनिटांत निकाल देणारी चाचणी जवळच्या दवाखान्यात असली पाहिजे. पण ज्यांना हे इंजेक्शन नेमाने द्यायचं त्यांचा या वादाशी संबंध नाही. त्यांचं निदान झालेलं आहे आणि औषध अगदी नेमक्या मोजक्या जंतूंवर चालणारं आहे. प्रतिकाराची भीती त्यांच्या नावावर टाकणं अन्याय्य आहे, विशेषतः कसल्याही तापाला तीन दिवसांचं ॲझिथ्रोमायसिन सर्रास लिहिलं जात असताना.

तिसरा मुद्दा आक्षेप म्हणून येतो, पण मला तो मान्यच आहे. हा दाटीवाटीचा, एका खोलीत सहा-सात जण झोपण्याचा आजार आहे. डेन्मार्कमध्ये ऱ्हुमॅटिक ताप पेनिसिलिन येण्याच्या आधीच, घरं आणि राहणीमान सुधारत गेलं तसा, उतरणीला लागला होता. न्यूझीलंडसारख्या श्रीमंत देशातही आज तो माओरी आणि पॅसिफिक बेटांवरून आलेल्या कुटुंबांतल्या मुलांना गाठतो. तेव्हा घरं बांधाच. पण घर बांधून होईपर्यंत आज नऊ वर्षांची असलेली मुलगी एकोणतीसची होईल. तिचं इंजेक्शन येत्या एकवीस दिवसांत द्यायचं आहे.

लसीबद्दल लोक हमखास विचारतात. या जंतूच्या अंगावरच्या एम प्रथिनाचे दोनशेहून अधिक प्रकार आहेत, आणि लसच हृदयाविरुद्ध प्रतिकारशक्ती भडकवील की काय ही धास्ती जुनी आहे. १९६०च्या दशकातल्या एका छोट्या चाचणीनंतर ती इतकी बळावली की अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९७९ साली अशा लसींवर बंदीच घातली. ती उठायला २००५ साल उजाडलं. पंचवीसहून अधिक वर्षांचं काम तिथेच गोठलं. आता पुन्हा प्रयत्न चालू आहेत आणि त्यांना पैसा मिळालाच पाहिजे, पण लस येईपर्यंत हात बांधून बसायचं कारण नाही.

२०१८ साली जागतिक आरोग्य सभेने ऱ्हुमॅटिक ताप आणि हृदयरोगाबद्दल ठराव केला. सदस्य देशांनी प्रतिबंधाला गती द्यावी, औषध सतत उपलब्ध राहील असं पाहावं, असं त्यात आहे. ठरावावर सगळ्यांनी माना डोलावल्या. आता प्रत्येक देशाच्या आरोग्यमंत्र्याला त्याच्या संसदेत हे विचारायला हवं: आपल्याकडे ऱ्हुमॅटिक तापाची किती मुलं नोंदलेली आहेत, गेल्या वर्षी त्यांच्यातल्या कितींना दहातली किमान आठ इंजेक्शनं वेळेवर मिळाली, आणि बेंझाथिन पेनिसिलिनचा साठा आज किती महिन्यांचा आहे. तीनही उत्तरं कागदावर आकड्यांत मागायची. आणि मुलांची नोंदच नाही असं उत्तर आलं, तर ती कधीपर्यंत होणार याची तारीख त्याच बैठकीत लिहून घ्यायची.